गाण्याची आवड आणि वयाचे संस्कार

कालिदासाच्या ‘शाकुंतला’तील पाचव्या अंकाच्या आरंभी एक लहानसा प्रसंग आहे. दुष्यंत राजा विदूषकासह बसलेला असताना आतून हंसपदिकेच्या गाण्याचे सूर ऐकू येतात. गाणे गोड आहे आणि राजाला ते आवडतेही; परंतु ते ऐकताच त्याचे मन अकारण व्याकुळ होते. कोणा प्रियजनाचा विरह झालेला नसताना ही हुरहूर कशाची, असा प्रश्न त्याला पडतो. मागल्या जन्मीचे काही ऋणानुबंध नकळत मनात जागे होत असावेत, अशी तो आपली समजूत घालतो आणि तो विषय तेथेच सोडून देतो.

संगीताच्या आवडीविषयीचा एक अत्यंत जुना आणि तितकाच नाजूक प्रश्न या प्रसंगात दडलेला आहे. गाणे ऐकून जे सुख होते किंवा जी हुरहूर लागते, ती गाण्यातून येते की ऐकणाऱ्याच्या गतायुष्यातून? आणि ती जर गतायुष्यातून येत असेल, तर ‘हे गाणे चांगले’ आणि ‘ते गाणे वाईट’ असे जे निकाल माणसे इतक्या ठामपणे देत असतात, त्यांना आधार तो कोणता?

मराठी माणसापुरते पाहिले, तर या प्रश्नाचा प्रत्यय नाट्यसंगीताच्या गप्पांत हमखास येतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली आणि ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले, तेव्हा त्यांत साकी, दिंडी आणि कीर्तनाच्या वळणाच्या चाली पुष्कळ होत्या. १९११ सालच्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंबे यांनी हिंदुस्थानी ठुमरी-दादऱ्याच्या अंगाच्या चाली आणल्या, १९१६ सालच्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी रागदारी बंदिशींचे वैभव ओतले. पुढे १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकांना जितेंद्र अभिषेकींनी दिलेल्या संगीताने या प्रकाराला पुन्हा नवे रूप दिले. आता ‘खरे नाट्यसंगीत कोणते?’ असा वाद निघाला की, ज्याचे तारुण्य बालगंधर्वांच्या पदांवर पोसले गेले, तो एका बाजूला असावयाचा आणि ज्याने ऐन विशीत ‘कट्यार’ ऐकली, तो दुसऱ्या बाजूला. वाद चालतो तो सगळा संगीताच्या परिभाषेत. लय, लगाव, शब्दोच्चार, भाव यांचे दाखले दिले जातात. परंतु कोण कोणत्या बाजूला जाणार, हे त्याचे जन्मसाल कळल्यावर बहुधा आधीच ओळखता येते. निकाल जर वयानेच ठरत असेल, तर तो निवळ संगीताचा निकाल म्हणता येईल काय?

कानावरचे हे संस्कार किती लवकर सुरू होतात, याविषयी गेल्या काही दशकांत बरेच शोधन झाले आहे. मूल जन्माला येण्यापूर्वी, गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत, ऐकू लागते. दूरचित्रवाणीवरील एखादी मालिका ज्या मातांनी गरोदरपणी नित्य पाहिली, त्यांची नवजात बालके त्या मालिकेची सुरुवातीची धून लागताच शांत आणि सावध होतात, असे निरीक्षण १९८८ साली प्रसिद्ध झाले. तालाच्या बाबतीतली गोष्ट याहूनही बोलकी आहे. बाल्कन प्रदेशांतील लोकसंगीतात सात मात्रांसारखी विषम आवर्तने सर्रास असतात. उत्तर अमेरिकेतील प्रौढ माणसांना त्यांतील फेरबदल नीट ओळखता येत नाहीत. पण तेथल्याच सहा महिन्यांच्या बालकांना ते ओळखता येतात. एक वर्षाचे होईपर्यंत मात्र त्या बालकांचाही कान घरच्या तालाला इतका बांधला जातो की, परका ताल त्यांनाही अवघड होऊ लागतो. हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आले. ज्या मराठी घरात भजन आणि अभंग चालू असतात, तेथले मूल रूपकाच्या सात मात्रा कोणी न शिकवता आत्मसात करते. त्यात त्या मुलाची काही विशेष बुद्धी नसते. त्या वयात ते दार उघडे असते, इतकेच.

सुसंवाद आणि विसंवाद यांची जाण तरी निसर्गदत्त असावी, असे पुष्कळांना वाटते. बोलिव्हिया देशातील ॲमेझॉनच्या अरण्यभागात चिमाने नावाचे लोक राहतात. पाश्चात्त्य संगीताशी त्यांचा संबंध फार थोडा. पाश्चात्त्य कानाला गोड वाटणारे आणि कर्कश वाटणारे स्वरसमूह त्यांना ऐकवले, तेव्हा त्यांनी दोन्ही सारखेच सुखद ठरवले; २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जे ‘निसर्गतःच’ गोड असे मानले जात होते, त्यातलाही बराच भाग सवयीचा निघाला.

परंतु याचा पडताळा पाहण्यासाठी अरण्यात जाण्याचे कारण नाही. भैरवीचेच उदाहरण घ्यावे. हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीची सांगता भैरवीने करण्याचा प्रघात आहे. त्यामुळे भैरवीचे पहिले स्वर लागताच महाराष्ट्रातल्या श्रोत्याच्या मनात निरोपाची कातरता उभी राहते. मराठी भाषेतही एखाद्या कार्याचा शेवट झाला, म्हणजे ‘भैरवी झाली’ असे सहज म्हटले जाते. आता भैरवी थाटाचे जे सात स्वर, तेच कर्नाटक पद्धतीतील तोडी या रागाचे स्वर होत. तेथील तोडी हा कच्चेरीच्या मध्यभागी विस्ताराने मांडावयाचा, गायकाची कसोटी पाहणारा राग आहे. निरोपाशी त्याचा काही संबंध नाही. दोन्ही रागांची चलने आणि गमके निराळी आहेत हे खरे; तथापि जी कातरता मराठी श्रोता कोमल स्वरांच्या पदरी घालतो, ती जर त्या स्वरांतच वसत असती, तर दक्षिणेतल्या श्रोत्यालाही ती थोडीबहुत जाणवली असती. तंजावरच्या एखाद्या मराठी घरात, तोडी ऐकत वाढलेल्या माणसाला त्या स्वरांत उठून जाण्याची चाहूल लागत नाही. उलट आता गाणे खरे रंगणार, म्हणून तो सावरून बसतो. म्हणजे भैरवीतला निरोप हा निदान काही अंशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या मैफलींनी तिच्या अंगावर चढवलेला आहे.

कानाचे हे वळण सवयीने घडते आणि सवय ही स्वतःच आवडीची जननी आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ साली दाखवून दिले की, निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी अपरिचित चिन्हे किंवा अनोळखी चेहरे केवळ वारंवार दृष्टीस पडल्यानेच अधिक आवडू लागतात. गाण्याच्या बाबतीत हा अनुभव सर्वांनाच आहे. पहिल्यांदा ऐकताना जे गाणे रुक्ष वाटले, तेच शेजारच्या घरातून महिनाभर कानी पडत राहिले की एके दिवशी माणूस ते नकळत गुणगुणू लागतो. मात्र अतिपरिचयाने अवज्ञाही होते. सोपे गाणे लवकर आवडते आणि लवकर विटते. ज्यात पुन्हापुन्हा शोधण्यासारखे काही उरते, ते उशिरा आवडते आणि टिकते.

सवयीच्या जोडीला दुसरी शक्ती येते ती वयाची. मॉरिस होल्ब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी सोळा ते शहाऐंशी वर्षे वयाच्या १०८ माणसांना १९३२ ते १९८६ या काळातील २८ गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि कोणते किती आवडले ते विचारले. १९८९ साली त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. श्रोता सुमारे साडेतेवीस वर्षांचा असताना जी गाणी लोकप्रिय होती, ती त्याला सर्वांत अधिक आवडतात. त्याच्या अलीकडची आणि पलीकडची गाणी क्रमाक्रमाने कमी आवडतात. पुढील काही अभ्यासांत हे वय याहून कमीही आले. परंतु ही ओढ तारुण्याकडेच जाते, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

असे का व्हावे? एक कारण उघड आहे. पंधरा ते पंचवीस या वर्षांत आयुष्यातल्या बहुतेक पहिल्या गोष्टी घडतात. पहिले प्रेम, पहिले अपयश, घर सोडून परगावी शिकायला जाणे, पहिली नोकरी, जन्मभर टिकणारी मैत्री या सर्वांचा हा काळ. वृद्ध माणसांना आयुष्यातील आठवणी सांगावयास लावले, तर त्या याच दशकातल्या अधिक निघतात. त्या दिवसांत जे गाणे हवेत होते, ते त्या आठवणींना असे चिकटते की पुढे दोहोंना वेगळे करणे अशक्य होते. दुसरे कारण असे की, त्या वयात माणूस आपण कोण हे ठरवीत असतो आणि गाणे हे त्या ठरवण्याचे एक साधन होते. कोणाचे गाणे आवडते, यावरून मित्र जोडले जातात आणि तुटतातही. त्यामुळे तारुण्यातील गाण्यावर कोणी टीका केली, तर ती गाण्यावरची टीका न राहता स्वतःवरची वाटू लागते.

तथापि माणसाचे कान केवळ स्वतःच्याच तारुण्याला बांधलेले असतात असेही नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विशीतल्या मुलामुलींना त्यांच्या जन्मापूर्वीची गाणीही ऐकवली गेली. आईबापांच्या तारुण्यातील गाण्यांना, इतकेच नव्हे तर आजीआजोबांच्या काळातील गाण्यांना त्यांनी अनपेक्षित जिव्हाळ्याने प्रतिसाद दिला. याचा अर्थ घरात जे ऐकले जाते ते वारशाने उतरते. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवसापासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत, दर आठवड्याला एक याप्रमाणे ‘गीतरामायणा’ची ५६ गीते प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकरांची ती गीते आणि सुधीर फडक्यांच्या त्या चाली ज्यांनी तेव्हा विशीत ऐकल्या, ते आज नव्वदीच्या घरात आहेत. परंतु त्यांची नातवंडे, जी कदाचित बडोद्यात, इंदुरात किंवा दूर परदेशात वाढली, त्यांनाही त्या चाली ऐकून घरच्या माणसाची हाक ऐकल्यासारखे वाटते. त्यांच्यापाशी १९५५ सालची आठवण नाही. आहे ती रामनवमीच्या दिवशी आजी ते गाणे लावीत असे, ही आठवण. त्या गाण्यात त्यांना आजी भेटते.

संगीताच्या गुणाशी जिचा संबंध फार थोडा आणि आठवणीशी मात्र सर्वस्वी आहे, अशी एक धून भारतातल्या कोट्यवधी माणसांच्या कानात आहे. ती म्हणजे सकाळचे प्रसारण सुरू होण्यापूर्वी वाजणारी आकाशवाणीची संकेतधून. मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे वॉल्टर काउफमान यांच्या नावे ती सांगितली जाते. ते युरोपातून येथे आलेले ज्यू संगीतकार. धून काही क्षणांचीच. परंतु रेडिओच्या काळात वाढलेल्या माणसाच्या कानी ती पडली, की चुलीवरचे किंवा स्टोव्हवरचे चहाचे आधण, अंगणातला सडा, शाळेची घाई आणि आता हयात नसलेली माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. २००९ साली अमेरिकेतील पीटर जनाटा यांनी मेंदूच्या चित्रणातून दाखवले की, परिचित गाण्यांनी आत्मचरित्रात्मक आठवणी जागतात तेव्हा कपाळामागचा मध्यवर्ती भाग विशेष कार्यरत होतो. स्मृतिभ्रंशाच्या आजारात माणसांची नावे पुसली गेली, तरी तरुणपणीचे गाणे ऐकून ओठ हलू लागतात, हा अनुभव अशा रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या अनेकांना येतो. यावरून जुन्या गाण्याविषयीचा हट्ट हा निव्वळ हट्ट नसतो, हे ध्यानात यावे. त्या गाण्याच्या आधाराने माणसाने आपल्या आयुष्याचा एक तुकडा जपून ठेवलेला असतो.

मात्र हाच जिव्हाळा निवाड्याच्या आसनावर जाऊन बसला, की अनर्थ होतो. १९५२ नंतर काही वर्षे आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ ऐकू येईनाशी झाली. त्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते आणि शास्त्रोक्त संगीताला आश्रय दिला पाहिजे, अशी त्यामागची तळमळ होती. ती प्रामाणिक होती आणि शास्त्रीय संगीताला तिचा लाभही झाला. परंतु त्याच १९५२ साली ‘बैजू बावरा’ पडद्यावर आला. त्याला नौशाद यांचे संगीत होते आणि त्यात उस्ताद अमीर खाँ व द. वि. पलुसकर हे दोघे गायले होते. श्रोत्यांनी आपल्या रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला; अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. आज त्याच काळातील चित्रपटगीतांना सुवर्णकाळाची गीते म्हणतात आणि ती ऐकत वाढलेले वृद्ध, आपल्या नातवंडांच्या गाण्यांना नेमके तेच दोष देतात जे एकेकाळी त्यांच्या गाण्यांना दिले जात होते: गोंगाट फार, शब्द उथळ, चाल उसनी. यातील काही दोष खरेही असतील. परंतु तीच तक्रार पिढ्यान्‌पिढ्या त्याच शब्दांत होत असेल, तर तिचे मूळ गाण्यात किती आणि तक्रार करणाऱ्याच्या वयात किती, हे तपासून पाहिले पाहिजे.

मग सर्व गाणी सारखीच, आणि गुणदोषांची चर्चा व्यर्थ, असे मानावे काय? तसे मानण्याचे कारण नाही. येथे दहाव्या-अकराव्या शतकांत होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताचा विचार मार्गदर्शक ठरतो. त्याच्या मते रसास्वाद घडावयाचा तर रसिकाच्या मनात पूर्वसंस्कार, म्हणजे वासना, असावयास हव्यात. कोऱ्या मनाला रस कळत नाही. याच संदर्भात त्याने दुष्यंताच्या त्या हुरहुरीचा श्लोक उद्धृत केला आहे. परंतु रसास्वादाच्या आड येणारी विघ्ने सांगताना, स्वतःच्या खाजगी सुखदुःखाने विवश होणे हेही एक विघ्न म्हणून त्याने मोजले आहे. पूर्वानुभव हवा, पण त्याच्या आहारी जाता कामा नये, असा हा दुहेरी विवेक आहे. ‘हे गाणे माझे आहे’ आणि ‘हे गाणे थोर आहे’ ही दोन निराळी विधाने होत. पहिल्याला पुरावा लागत नाही आणि त्याविषयी वाद घालण्याचा कोणाला अधिकारही नाही. दुसऱ्या विधानासाठी मात्र, ज्याच्यापाशी त्या गाण्याची एकही आठवण नाही, अशा परक्या कानालाही ते गाणे धरून ठेवते काय, हे पाहावे लागते. बालगंधर्व १९६७ साली निवर्तले. त्यांना रंगभूमीवर कधीही न पाहिलेली तरुण माणसे जेव्हा त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून स्तब्ध होतात, तेव्हा तो गुण आठवणींच्या पलीकडचा आहे, असे निःशंक म्हणता येते.

वाढत्या वयाबरोबर नवे गाणे आवडेनासे होते, याला थोडेसे शारीरिक कारणही आहे. उतारवयात उंच पट्टीचे सूक्ष्म नाद ऐकण्याची शक्ती कमी होते आणि एकदम कानी पडणारे अनेक आवाज वेगळे करणे जड जाते. परंतु मुख्य कारण निराळेच असते. विशीतला तरुण एकच गाणे मित्रांच्या संगतीत पन्नास वेळा ऐकतो. साठीतला गृहस्थ नवे गाणे दुसऱ्या खोलीतून, अर्धवट, एकदाच ऐकतो आणि निकाल देतो. विशीत जे ऐकणे त्याने स्वतःच्या गाण्याला दिले होते, ते नव्या गाण्याला कधी मिळालेलेच नसते. तेवढे ऐकणे त्याला दिले, आणि ज्याला ते आवडते त्याच्या शेजारी बसून दिले, तर सत्तरीतही कान नवे वळण घेऊ शकतो. त्यातली काही गाणी तरीही आवडणार नाहीत. पण ती नावड मग ऐकून आलेली असेल.

घरातल्या तरुणांनीही हेच लक्षात ठेवण्याजोगे आहे. आजोबा जेव्हा एखादे जुने पद पुन्हापुन्हा लावतात, तेव्हा ‘यात काय आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘हे पहिल्यांदा कोठे ऐकले?’ असे विचारले, तर गाण्याबरोबर एक आयुष्य ऐकावयास मिळते. ते सांगणारा माणूस फार दिवस असणार नाही. आणि तो गेल्यावर ते पद राहिले तरी त्यातले त्याचे गाणे उरत नाही.

दुष्यंताच्या प्रसंगाकडे पुन्हा वळले, तर त्यातला मर्मभेद आता ध्यानात येतो. त्याची हुरहूर मागल्या जन्मीची नव्हतीच; ती याच जन्मी विसरलेल्या शकुंतलेची होती. शापामुळे जे स्मृतीतून गेले होते, त्याची ओळख त्या गाण्याने क्षणभर दिली. परंतु ‘ही व्याकुळता कोणाची?’ हा प्रश्न राजाने शेवटपर्यंत विचारला नाही, आणि थोड्याच वेळाने प्रत्यक्ष शकुंतला दारी आली तेव्हा त्याने तिला ओळखले नाही. गाणे मनात काही हलवून गेले की, ते काय हलले याचा क्षणभर शोध घ्यावा, इतकाच याचा बोध. त्यातून आपल्या आवडीचे मूळ समजते, आणि दुसऱ्याच्या आवडीलाही असेच एखादे मूळ असेल, हे मान्य करणे सोपे जाते.